शारजात इटालियनमध्ये वाट पुसताना

दुबईला जाऊन आलं की लोक पहिल्यांदा सोन्याचं विचारतात. "किती आणलंत?" मी म्हणते, सोनं कुठलं, एक पाय पांढरा करून आणला. मग समोरचा खुर्ची ओढून बसतो आणि मला पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं. आता सांगून सांगून घसा बसलाय, म्हणून लिहूनच टाकते.

मी गेले ती अठ्ठ्याण्णव सालच्या नोव्हेंबरात. माझी मुलगी मंजिरी, जावई श्रीकांत आणि पाच वर्षांची नात ईशा दुबईत करामाला राहतात. सगळ्यांना सांगायचं कारण म्हणजे नात. पण पर्समध्ये एक पाकीट होतं, आणि जिवाला खरा घोर त्याचा होता. आमच्याकडे बारा वर्षं पोळ्या करायला येणाऱ्या इंदूबाईंचा एकुलता एक मुलगा दिगंबर शारजात संगमरवराच्या कामावर होता. नवरा कधीच गेलेला, हा एवढाच आधार. दोन वर्षांचा करार गणपतीत संपला, तेव्हा तो परत यायचा होता. इंदूबाईंनी चिपळूणकडची मुलगीसुद्धा बघून ठेवली होती. दिगंबर आला नाही. त्याच्या आधीपासूनच, म्हणजे पाच महिने, ना पत्र ना आमच्याकडे फोन. पैसे मात्र दर महिन्याला बिनचूक यायचे.

"पैशाला तोंड असतं का वहिनी, विचारायला, माझा पोरगा जेवला का म्हणून?" इंदूबाई म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मी मुळात भोचक, त्यात त्यांचं रडणं मला बघवेना. म्हटलं, "बखोट धरून घेऊन येते त्याला, काळजी करू नका." बोलून बसले खरी.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी, नाहीतर पुढचं खरं वाटायचं नाही. मला इटालियन येतं. म्हणजे सहा धडे येतं. आमच्या ह्यांच्या कारखान्यात इटलीहून यंत्रं आली होती, आणि सहा महिने शिकायला सहकुटुंब तिकडे पाठवणार असं ठरलं होतं. बायकांसाठी संध्याकाळचा वर्ग निघाला. शिकवायला एक म्हाताऱ्या पारशी बाई होत्या. सहावा धडा होता रस्ता विचारण्याचा. बाई सांगायच्या, "नुसतं 'अमुक कुठे' असं विचारलं तरी कळतं, पण ते बरं नाय दिसत. पहिले माफी मागायची, मग सिन्योरे म्हणायचं, मग 'आपल्याला सांगता येईल का' म्हणायचं, आणि मग ठिकाण." सहावा धडा संपला आणि कारखान्यानं बेत रद्द केला. बाकीच्या बायका विसरून गेल्या. मी मात्र अकरा वर्षं दूध उतू जायची वाट बघत गॅसपाशी उभी राहून पुटपुटत आले आहे: "स्कूझी, सिन्योरे, मी साप्रेब्बे दीरे दोव्हे ला स्तात्सिओने?" माफ करा महाराज, स्टेशन कुठे आहे, आपल्याला सांगता येईल का? रस्ता विचारायला शिकले, पण त्या गावाला काही गेले नाही.

*करामा*

करामात पहिले आठ दिवस मी जागी होते की झोपेत, ते मला अजून नीट सांगता येत नाही. पहाटे तीन मशिदींची बांग एकापाठोपाठ एक यायची, जराशी पुढेमागे. मग खालच्या हॉटेलातून सांबाराचा वास. मग धुक्यासारखा एक फिकट पिवळा उजेड खिडकीत यायचा आणि समोरच्या गच्च्या, त्यांच्यावरच्या टीव्हीच्या तबकड्या, वाळत घातलेले लेंगे, सगळं पाण्याखाली असल्यासारखं संथ दिसायचं. मी चहा घेऊन तासतास बाल्कनीत बसून राहायची. पुण्यात मी अशी बसले असते तर ह्यांनी थर्मामीटर आणला असता.

मी पाकीट मंजिरीपुढे ठेवलं. वर कंपनीचं नाव, पोस्ट बॉक्सचा आकडा आणि शारजा.

"आई, हा पत्ता नाहीये. हा पोस्ट बॉक्स आहे. इथे पोस्टमन घरी येतच नाही."

"मग माणूस शोधायचा कसा?"

ईशा टीव्हीसमोरून न वळता म्हणाली, "आजी, यू जस्ट से द लँडमार्क!"

श्रीकांत म्हणाले, "फ्रायडेला मी चौकशी करतो. ऑफिसात एकजण शारजाहून येतो, त्याला विचारतो, इन्शाल्ला." शुक्रवार आला आणि गेला. दुसरा आला. जावयांचं इन्शाल्ला म्हणजे आपलं "बघू", हे मला तेव्हा समजलं. पोरगा सज्जन आहे, पण त्याच्या भरवशावर राहिले असते तर इंदूबाईंना मी तोंड कसं दाखवणार होते? मंगळवारी मंजिरी कामावर गेली, ईशा शाळेत गेली, आणि मी ओट्यावर चिठ्ठी ठेवली: "शारजाला जाते. भात लावलाय."

*खाडी आणि नसलेला वड*

खाडी ओलांडायला लाकडी होड्या असतात. मधे पाट, दोन्ही बाजूंना माणसं पाठीला पाठ लावून बसलेली, आणि कठडा नावालाही नाही. माझ्या एका बाजूला पठाण, दुसऱ्या बाजूला टाय लावलेला गुजराती. पाणी हिरवं, गच्च, आणि पलीकडचा किनारा आपणहून हळूहळू जवळ येतोय असं वाटत होतं. कुणी बोलत नव्हतं. कुठे चालले, कशाला चालले, सगळं मी त्या पाच मिनिटांत विसरले. इतकं बरं मला फार दिवसांत वाटलं नव्हतं.

पलीकडून शारजातल्या रोल्ला भागाची टॅक्सी, चार अनोळखी पुरुषांबरोबर. मला पाहताच त्यांनी न बोलता पुढची जागा रिकामी केली. ड्रायव्हरनं विचारलं, "रोल्ला में किधर?" मी म्हटलं, "पोस्ट ऑफिस." तो म्हणाला, "रोल्ला पेड़ के पास उतारता हूँ, उधर से नज़दीक है।" उतरले आणि झाड शोधत बसले. दुकानं, चपलांचे ढीग, मोठ्यानं वाजणारी गाणी, पण झाड काही दिसेना. एका कापडवाल्यानं सांगितलं, की तिथे पूर्वी मोठा वड होता, तो पडून वीस वर्षं झाली. रोल्ला म्हणजे तो वडच. आता तिथे दगडी स्मारक आहे. पण सगळं गाव अजून त्याच वडावरून रस्ते सांगतं, अन् गंमत म्हणजे कुणी चुकत नाही.

टपाल कचेरीत मी घाईघाईनं खिडकीपाशी गेले आणि पुणेरी थाटात आकडा फेकला. "हा बॉक्स कुठे आलाय?" आत पांढरा झगा घातलेले पिकल्या दाढीचे गृहस्थ होते. त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, "सलाम अलेकुम." मी गडबडले. म्हटलं, "अलेकुम सलाम." "कैसा है, माँजी? सब अच्छा है? घर में बच्चा लोग अच्छा है?" मी म्हटलं, सगळे बरे आहेत, तुमचे कसे आहेत? तेही बरे होते, हम्दुलिल्ला, म्हणजे देवाची कृपा. एवढं सगळं झाल्यावर त्यांनी विचारलं, "अब बोलो, क्या मदद करूँ?" मला एकदम आमच्या पारशी बाई आठवल्या. आमच्याकडे रस्ता विचारला तर लोक "पुढे पाटी आहे, वाचा" म्हणतात, आणि त्याचंही आम्हाला कौतुक!

त्यांनी बोट केलं तिकडे गेले. भिंतभर छोट्या छोट्या लोखंडी पेट्या, प्रत्येकीला कुलूप आणि आकडा. शेकडो, वर छतापर्यंत. आमच्या इंदूबाई सांगायच्या आणि मी लिहून द्यायची, ती सगळी पत्रं यातल्या एका मूठभर दारातून आत गेली होती. मी त्या दारावर हात ठेवला. खरं सांगते, टकटक करावंसं वाटलं.

मग मी तिथेच उभी राहिले. पेटी आहे म्हणजे कधीतरी कुणीतरी उघडायला येणारच, एवढा सरळ हिशोब. दीड तासानं मिशीवाला एक मल्याळी ड्रायव्हर आला आणि त्यानं नेमकं तेच कुलूप उघडलं. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. पण शहाणी झाले होते, आधी सलाम केला, घरचे कसे आहेत विचारलं. तो चकित झाला. बशीर त्याचं नाव.

"दिगंबर? है ना, अम्मा. अच्छा है. उसका लेटर हर महीने आता है, मैं ही देता हूँ. बिना खोले जेब में रख लेता है."

आजारी नाही, अडकलेला नाही, पत्रं मिळताहेत, आणि हा ती उघडत नाही! बशीरनं पिकअपचं दार उघडलं. "बैठो अम्मा, यल्ला, चलो."

*संगमरवराचा कारखाना*

गावाबाहेर, वाळू सुरू होते तिथे तो कारखाना होता. फाटकाच्या आत सगळं पांढरं: जमीन, पत्रे, झुडपं, माणसांच्या भुवया. कुणी रांगोळीचं पोतं आभाळातून चाळून ओतलंय असं दिसत होतं. करवतींचा आवाज इतका एकसुरी की थोड्या वेळानं तो ऐकूच येईना. बशीर म्हणाला, "अंदर उस्ताद को पूछो, इटली वाला. हिंदी नहीं आता, इंग्लिश भी थोड़ा थोड़ा." आणि तो टपाल घेऊन ऑफिसकडे गेला.

इटलीवाला! अकरा वर्षं ज्या माणसाची मी गॅसपाशी वाट पाहिली, तो शारजाच्या वाळूत कानावर पेन्सिल खोचून उभा होता. साठीचा असेल, अंगानं किरकोळ, नाकावर धूळ. मी पदर सावरला, जवळ गेले आणि म्हटलं, "स्कूझी, सिन्योरे..." त्यानं मशीन बंद केलं. "मी साप्रेब्बे दीरे दोव्हे..." त्यानं डोक्यावरची टोपी काढली. आणि सवयीनं माझ्या तोंडून निघालं, "ला स्तात्सिओने?"

त्या देशात रेल्वेचा रूळसुद्धा नाही. वाळवंटात नऊवारी नसली तरी सहावारीतली बाई येते आणि इटालियनमध्ये अदबीनं रेल्वे स्टेशन विचारते. दुसरा कुणी असता तर हसून लोळला असता. ह्या माणसानं गंभीरपणे चारी दिशांना पाहिलं, मग छातीवर हात ठेवून अगदी मनापासून दिलगिरी व्यक्त केली. मला इतकी लाज वाटली की मी मराठीतच म्हटलं, "अहो नाही हो, स्टेशन नको, दिगंबर! दिगंबर कुठंय?"

"आ, दिगंबर!" त्याचा चेहरा उजळला. मग तो बोलायला लागला तो थांबेचना. हातवारे, दगडावर थाप, बोटांचं चुंबन. मला विचारायचं शिकवलं होतं, उत्तर समजून घ्यायचं सातव्या धड्यात असणार. एवढ्यातून "सेंप्रे द्रीत्तो" तेवढं कळलं: सरळ, सरळच जा. मी "ग्रात्सिए" म्हणत आभार मानून सरळ गेले आणि सरळ संगमरवराच्या चिखलात एका पायानं गुडघ्यापर्यंत रुतले. चप्पल आतच राहिली.

तशी एका पायानं लंगडत, एक पाय पांढरा, मी शेडच्या दारात पोहोचले. दिगंबर जमिनीवर ओणवा होऊन काम करत होता. समोर दगडात दगड बसवून केलेली डाळिंबाची फांदी. फळाला भेग पडलेली, आतले दाणे एकेक वेगळ्या लाल दगडाचे. त्यानं वर पाहिलं आणि पांढराफटक पडला.

"काकू? आई... आई बरी आहे ना?"

घरून कुणी न सांगता एवढ्या लांब आलं म्हणजे काय, हेच त्याच्या मनात आलं. मी म्हटलं, "बरी आहे, मेल्या! तुझ्या नावानं डोळे गाळते आहे. पाच महिने आईला टांगून ठेवलंस, पत्रं खिशात घालून फिरतोस, लाज वाटत नाही?" त्यानं हात पुसले. मग आधी पाणी आणलं आणि खाली बसून माझा पाय धुतला. मला पुढे रागवताच येईना.

तेवढ्यात उस्ताद आला. रेन्झो त्याचं नाव. एका हातात माझी चप्पल, दुसऱ्या हातात डबा. मला पाव दिला आणि वर काळी करवंदं दिली. करवंद म्हणून मी हौसेनं तोंडात टाकलं. अरे देवा! खारट, तेलकट, कडू. ते ऑलिव्ह होतं. थुंकायचं कुठे? पाहुणचार होता, गिळलं. त्यानं लगेच आणखी चार दिली.

दिगंबर बोलला ते थोडक्यात असं. पहिलं वर्ष तो नुसतं दगड घासत होता. जेवणाच्या सुट्टीत तुकडे जुळवत बसायचा, ते रेन्झोनं पाहिलं आणि त्याला जडावकामाला घेतलं. आता रेन्झो थकला होता. वसंतात कायमचा आपल्या गावी जाणार होता, डोंगरातल्या आपल्या जुन्या कार्यशाळेत. बरोबर दिगंबरला नेतो म्हणत होता. कागदपत्रं तो करणार. होय की नाही, ते महिन्याअखेर सांगायचं.

"जायचंय तुला?" मी विचारलं.

त्यानं डाळिंबाकडे पाहिलं. "काकू, हे असं काम मला दुसरीकडे कुठं शिकायला मिळणार? पण आईला सांगितलं होतं, दोन वर्षांत येतो. पत्र उघडलं तर तिचं 'कधी येतोस' वाचावं लागणार. मग लिहायला बसलो की खोटं लिहावं लागणार. म्हणून उघडलंच नाही."

*शुक्रवार*

शुक्रवारी दिगंबर इस्त्रीचा शर्ट घालून करामाला आला, खजूर घेऊन. मंजिरीनं कुळथाचं पिठलं केलं होतं, त्याच्या आईनंच पाठवलेल्या पिठाचं. त्यानं दोनदा भात घेतला. दुपारच्या नमाजानंतर शहर असं शांत झालं होतं की रस्त्यावर वर्तमानपत्राचं पान उडत चाललेलं ऐकू येत होतं. आम्ही बाल्कनीत बसलो. त्यानं खिशातून वही काढली.

"काकू, उस्ताद सांगत होता, तुम्ही फार चांगलं विचारलंत. मला शिकवाल? तिथं बाकी काही आलं नाही तरी रस्ता विचारता यायला पाहिजे."

मी शिकवलं. तो देवनागरीत लिहून घेत होता. म्हणाला, "एवढं लांबलचक कशाला? 'दोव्हे' म्हटलं तरी कळेल की त्यांना."

"कळेल रे. पण तू पाहुणा असशील. आणि समोरच्याला आधी माणूस म्हणून हाक मारायची, मग कामाचं." हे माझं शहाणपण फक्त तीन दिवसांचं होतं, ते मी त्याला सांगितलं नाही. मग मी इटालियन झाले आणि तो वाटसरू. त्यानं मला स्टेशन विचारलं, पूल विचारला, देऊळ विचारलं. ऊन हळूहळू भिंतीवरून उतरत होतं. मला समोर करामाच्या गच्च्या दिसतच नव्हत्या. फरसबंदीचा एक उतार दिसत होता, न पाहिलेला, आणि त्यावरून चाललेला हा पोरगा. मला त्याचा हेवा वाटला. पोटच्या पोरासारखा, तरी वाटला. स्पष्टच सांगते.

वही मिटून तो म्हणाला, "काकू, आईला तुम्ही विचाराल? मी विचारलं तर ती हो म्हणेल, मला बरं वाटावं म्हणून. तुमच्याशी ती खरं बोलेल. ती नको म्हणाली तर पुढच्या महिन्यात येतो, चिपळूणच्या मुलीला बघतो. शपथ."

बखोट धरून आणायला गेलेली मी, आणि ही कामगिरी घेऊन परत निघाले.

*पुणे*

आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी इंदूबाई नेहमीपेक्षा तासभर लवकर आल्या. त्यांनी कणीक भिजवायला घेतली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हं, सांगा."

मी सगळं सांगितलं. डाळिंबाचे दाणे सांगितले, पाय धुतलेला सांगितला, न उघडलेली पत्रं सांगितली, त्याचा प्रश्नही जसाच्या तसा सांगितला. एक शब्द गिळला नाही. त्या पोळ्या लाटत होत्या. चार झाल्या, पाच झाल्या.

"तिकडं थंडी असते?"

"असते. बर्फ पडतो."

"तो म्हातारा बरा आहे माणूस?"

"माझी चप्पल चिखलातून काढून दिली त्यानं."

सहावी पोळी तव्यावर फुगली. त्यांनी ती उतरवली आणि गॅस बंद केला.

"त्याला वाटतं, मी तोंडदेखलं हो म्हणेन? येडा आहे. वहिनी, तो दारात उभा राहिला ना, तर मी नाहीच म्हणणार. एकदा हाताला लागला की सोडायची नाही मी त्याला. आणि राहील तो, माझा शब्द मोडायचा नाही. मग जन्मभर चूल, बायको, पोरं सगळं करंल, आणि बसून असा भिंतीकडं बघत राहील. त्याचा बाप बघायचा तसा." त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. "त्याला लिहा, आईला भेटून जातो म्हणू नको. तिथनं परस्पर जा."

"अहो, पण इंदूबाई, मग किती वर्षं दिसायचा नाही. भेटायला नको तुम्हाला?"

"भेटायला पाहिजे तर! म्हणून तर म्हणते, येऊ नको."

मी कागद घेऊन तिथेच ओट्यापाशी बसले आणि त्या बोलल्या तेवढंच लिहिलं. त्यांनी पुन्हा गॅस पेटवला. कणीक अजून चार पोळ्यांची उरली होती.